टायर नीट होते ना?

सायकल हा आमच्या घराण्यातला जुना आजार आहे. आमचे वडील शहापुराहून कॅम्पातल्या कचेरीत रोज सायकलीने जात. आम्हीही शाळेत विज्ञान शिकवायला ३५ वर्षे सायकलीनेच गेलो. आणि आता आमचा नातू, कन्येचा मुलगा, त्याच आजाराने पुरता पछाडला आहे. फरक इतकाच, की वडिलांची आणि आमची सायकल बेळगावच्या सडका सोडून कधी कुठे गेली नाही. नातवाची सायकल मात्र सडक दिसली की कंटाळते. तिला गाडीवाट हवी, ओढा हवा, चिखल हवा. म्हणून तिला नाव मिळाले माउंटन बाइक. सेवानिवृत्तीनंतर मुलाने आम्हालाही तसलीच एक सायकल घेऊन दिली. तेव्हापासून रविवार सकाळी आजोबा आणि नातू अशी जोडी जांबोटीच्या वाटेला लागलेली अनेकांनी पाहिली असेल.

वडिलांनी आम्हाला दिलेल्या शिकवणीत टायरविषयी एक स्वतंत्र प्रकरण होते. टायर असा घ्यावा, की पुन्हा लवकर घ्यावा लागू नये, हे त्याचे पहिले सूत्र. तो ओळखायचा कसा? रबरात अंगठ्याचे नख रुतवून पाहावे. नखाचा वण उमटला, तर टायर कच्चा. नख परत फिरले, तर टायर पक्का. दुसरे सूत्र हवेचे. अंगठ्याने दाबल्यावर टायर जराही दबता कामा नये. दगडासारखा लागला पाहिजे. तिसरे सूत्र असे, की टायर गोटा झाल्याखेरीज बदलू नये. या तीन सूत्रांवर वडिलांची २८ बाय दीडची सायकल कचेरीतून निवृत्त होईपर्यंत चालली आणि नंतर तिने आमचीही सेवा केली. अनुभवाने सिद्ध झालेल्या गोष्टीवर माणसाने संशय तरी का घ्यावा?

२०२३ च्या जूनमध्ये नातवाच्या सायकलीला नवे टायर घालायची वेळ आली. दुकानदाराने दोन जातींचे टायर समोर ठेवले. एकाला बोट लावून तो म्हणाला, "सर, हा पावसात धरतो चांगला, पण टिकत नाही." दुसऱ्याविषयी म्हणाला, "ह्याला मात्र चार वर्षं बघायला नको." आम्ही दोन्हींवर नख चालवून पाहिले. पहिल्यावर वण उमटला, दुसऱ्यावर नख घसरले. आम्ही दुसऱ्याची जोडी घेतली. पैसेही वाचले. घरी येऊन वडिलांच्या पंपाने ५० पौंड हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिले आणि समाधानाने चहा घेतला.

जुलैतला रविवार होता. किणयेच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आम्ही एका गाडीवाटेला लागलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. तांबड्या मातीची चढण संपल्यावर वाट जांभ्याच्या उघड्या कातळावरून खाली उतरते. उतार फार नाही. पायी जाणाऱ्याला जाणवतही नाही. नातू पुढे होता, आम्ही वीस-पंचवीस पावले मागे. कातळाच्या मध्यावर वाट किंचित उजवीकडे वळते. त्याने हँडल वळवले. पण चाक वळले नाही. साबणाच्या वडीवर पाय पडावा तसे ते सरळ निसटले. तो डाव्या हातावर पडला. तो ओरडलाही नाही, याचेच आम्हाला अधिक भय वाटले.

खालच्या शेतात रोप लावणी चालली होती. तिथला एक शेतकरी धावत आला. त्या क्षणीची एक गोष्ट आमच्या मनात का राहिली, हे पुष्कळ दिवस कळले नाही. कातळाच्या कडेशी येताच त्याने पायांतल्या टायरच्या चपला काढून काखेत मारल्या आणि अनवाणी पावलांनी, न अडखळता, तो नातवापर्यंत पोचला. आम्ही मात्र बुटांनिशी दोनदा घसरलो.

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. कन्या कामावरून थेट इस्पितळात आली. मुलाजवळ बसली, त्याच्या केसांतली तांबडी माती तिने बोटांनी झाडली आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "बाबा, टायर नीट होते ना?"

"नवेच होते की," आम्ही म्हणालो.

तिने पुढे काही विचारले नाही. परंतु जन्मभर प्रश्नपत्रिका तपासलेल्या माणसाला प्रश्न एक आणि उत्तर दुसरे झाल्याचे समजत नाही असे थोडेच असते! टायर नीट होते का, असे तिने विचारले होते. नवे होते का, असे नव्हे.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सकाळी मागच्या सोप्यात सायकल उलटी उभी केली आणि पुढचा टायर निरखून पाहिला. नख रुतवले. वण उठला नाही. ज्या परीक्षेत तो महिन्यापूर्वी पहिला आला होता, त्याच परीक्षेत तो आताही पहिला येत होता. चूक टायरची नव्हती, परीक्षेची होती.

पुढचे सहा आठवडे नातवाचा हात गळ्यात होता आणि आमचे डोके रबरात. विज्ञानाच्या शिक्षकाला लाज वाटावी इतकी साधी ती गोष्ट निघाली. रबर जमिनीला धरते ते मुख्यतः दोन प्रकारांनी. एक म्हणजे ते पृष्ठभागाला चिकटते. आणि दुसरे, दगडाच्या बारीकसारीक खडबडीत ते दबून शिरते आणि तिथून सुटताना आपली शक्ती खर्ची घालते. पाण्याचा किंवा शेवाळाचा पातळ थर मध्ये आला, की पहिला प्रकार जवळजवळ संपतो. उरतो तो दुसरा. त्यासाठी रबर मऊ हवे आणि दाबल्यावर चेंडूसारखे उसळून न येता सावकाश पूर्वपदावर येणारे हवे. कठीण रबर खडबडीत शिरतच नाही; ते वरच्या वर तरंगते. कोरड्या रस्त्यावर त्याचे निभावून जाते, ओल्या कातळावर नाही.

आणि गंमत पाहा. रबराचा मऊपणा मोजायला कारखान्यांत जे उपकरण वापरतात, ते रबरात एक बोथट टोक दाबते आणि ते किती रुतले हे पाहते. शोर या नावाने ते माप ओळखले जाते. आकडा जितका लहान, तितके रबर मऊ. साधे टिकाऊ टायर ६० च्या घरात किंवा त्याच्याही वर असतात. ओल्यासाठी बनवलेले ५० च्या आसपास. आणि अगदी चिकट जातीचे ४२ पर्यंत खाली येतात. म्हणजे आमच्या वडिलांची नखाची परीक्षा शास्त्रशुद्धच होती! निकाल तेवढा उलटा वाचायला हवा होता. सडकेच्या माणसासाठी जो टायर पक्का, तोच ओल्या डोंगरवाटेसाठी कच्चा.

मग त्या शेतकऱ्याची पावले आठवली. टायरच्या चपलेचा तळ म्हणजे कठीण रबर. सडकेवर वर्षानुवर्षे झिजत नाही. कातळावर तो सरकणार हे त्या माणसाला ठाऊक होते. म्हणून त्याने चपला काढल्या. अनवाणी तळवा मऊ असतो, दगडाच्या खाचांत तो बसतो. आणि हाच माणूस भाताच्या बांधावरून चालतो तेव्हा पायाची बोटे वाकवून चिखलात रोवतो. कातळाला मऊ तळवा आणि चिखलाला रुतणारी बोटे, अशी दोन्ही साधने निसर्गाने एकाच पावलात दिली आहेत. टायर करणाऱ्यालाही हेच साधायचे असते आणि त्याची सारी अडचण यातच आहे.

कारण चिखलासाठी टायरवरचे रबराचे ठोकळे उंच हवेत, म्हणजे ते वरचा राड भेदून खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचतात. शिवाय ते विरळ हवेत, म्हणजे मध्ये अडकलेला चिखल चाक फिरताना झडून जातो. ठोकळे दाट असले, तर चार वळणांत खाचा भरतात आणि टायर गोटा झाल्यासारखा वागतो. आमच्या त्या कठीण टायरची नक्षी दाट आणि ठेंगणी होती. सडकेवर घरघर न करता पळायला ती उत्तम. पण ठोकळे फार उंच आणि सुटे केले, की कातळावर तेच वाकतात, डगमगतात. चिखलाचा राजा कातळावर रंक होतो. म्हणून केवळ 'चिखलाचा टायर' मागणे हेही आमच्या मुलखात शहाणपणाचे नाही.

आमचा मुलूख म्हणजे काय, याचा विचार टायरच्या निमित्ताने आम्ही प्रथमच केला. शहापूर-येळ्ळूरच्या बाजूची काळी जमीन पावसात चाकाला अशी लपेटते, की दहा वावांत चाक फिरायचे थांबते. तिथे कोणताही टायर चालत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पश्चिमेला वळले, की तांबडी माती लागते. ती वरून बुळबुळीत, पण खाली घट्ट; उंच ठोकळे तिथे कामाला येतात. तिच्यावर जांभ्याचे गोल खडे पसरलेले असतात, तेही चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. आणि कणकुंबीच्या दिशेने जावे तसतसा पाऊस वाढतो, आणि जांभ्याच्या उघड्या कातळावर श्रावणापर्यंत शेवाळाची हिरवी साय धरते. तिथे ठोकळ्यांचे काही चालत नाही. जे काही करायचे ते मऊ रबरानेच. एका सकाळच्या फेरीत या साऱ्या जमिनी भेटतात.

या सायकलीचा जन्म मात्र अगदी निराळ्या मुलखात झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन काउंटी नावाच्या भागात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशा उताराची पहिली शर्यत लावली. उतरताना मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. धूळ आणि कोरडे खडे यांवर वाढलेले ते वाहन आता आषाढात जांबोटीच्या वाटेला लागले आहे. त्याने इथले जोडे घालायला नकोत काय?

नक्षी आणि रबर यांच्याइतकीच महत्त्वाची तिसरी गोष्ट हवेची, आणि तिथेही वडिलांचे सूत्र उलटे करावे लागले. दगडासारखा फुगवलेला टायर जमिनीला एका बिंदूत भेटतो आणि प्रत्येक खड्यावरून उडतो. हवा कमी केली, की तो पसरतो, खड्याला कवेत घेतो. मात्र आत ट्यूब असेल, तर फार कमी हवेत ती रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. म्हणून हल्ली अशा सायकलींना ट्यूबलेस टायर घालतात. आत पांढरे चिकट द्रव ओततात. ते बारीक भोके आपोआप बुजवते. नातवाच्या वजनाला आता पुढच्या चाकात २० आणि मागच्यात २३ पौंड हवा पुरते. पूर्वीचे ५० पौंड आठवले, की आम्ही आजही ओशाळतो.

चौथी गोष्ट कळली तेव्हा आमच्यातल्या काटकसरी माणसाला जरा धीर आला. दोन्ही टायर सारखेच असले पाहिजेत असे नाही. मागचे चाक सरकले, तर सायकल शेपूट हलवते, पण स्वार बहुधा सावरतो. पुढचे सरकले, तर सावरायला वेळच मिळत नाही; नातवाचे तसेच झाले. म्हणून सर्वांत मऊ आणि सर्वांत पकड असलेला टायर पुढे घालावा. मागच्यावर भार अधिक, झीजही अधिक, आणि पायांचे बळ त्यालाच ओढण्यात जाते. तिथे थोडा कठीण, थोडा कमी उंच ठोकळ्यांचा चालतो. असो. वडिलांच्या सूत्रांना अखेर मागच्या चाकात तरी जागा मिळाली.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी खिशात कागद होता. नातवाच्या २७.५ इंची चाकाची रिम ५८४ मिलिमीटरची. हा आकडा टायरच्या कडेवर कोरलेला असतो आणि तोच पाहून टायर घ्यावा, कारण इंचांच्या नावांत घोटाळे फार. पुढच्या फोर्कमधली जागा आम्ही शाळेच्या पट्टीने मोजून नेली होती. टायर रुंद घ्यावासा वाटतो. पण दोन्ही अंगांना चिखल निघून जायला पुरेशी फट उरली नाही, तर तो चिखलच ब्रेकचे काम करतो. म्हणून अडीच इंचांचा मोह सोडून २.३५ वर थांबलो. दुकानदाराने मॅक्सिस, श्वाल्बे, कॉन्टिनेन्टल अशी नावे घेतली. यांपैकी प्रत्येकाकडे एकच नक्षी दोन-तीन प्रकारच्या रबरांत मिळते, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये, रबर कोणते ते विचारावे, एवढे आम्ही शिकून गेलो होतो. पुढच्यासाठी मऊ रबराचा, मध्यम उंचीच्या विरळ ठोकळ्यांचा आणि कडेला भक्कम ठोकळ्यांची रांग असलेला एक निवडला. नख रुतवले. वण उमटला आणि सावकाश, अगदी सावकाश, भरून आला.

किंमत आमच्या जुन्या सायकलीच्या साऱ्या टायरांच्या आयुष्यभराच्या खर्चाहून अधिक होती. दुकानदार आमच्याकडे पाहत म्हणाला, "सर, सांगून ठेवतो. हा लवकर संपणार."

"संपू दे," आम्ही म्हणालो. आमच्या तोंडून हा शब्द त्या दुकानात प्रथमच निघाला असावा.

टायर आला, तरी परवानगी यायची होती. कन्येने वर्षभर मुलाला सडकेबाहेर जाऊ दिले नव्हते, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आम्ही तिला सोप्यात बसवले आणि दोन्ही टायर तिच्यासमोर ठेवून सारे समजावून सांगितले. आमची चूकही सांगितली. तिने दोन्हींवर नख दाबून पाहिले. मग म्हणाली, "मी येणार. आणि आधी तुम्ही जायचं, बाबा."

जुलैतल्या एका रविवारी, पाऊस उघडल्यावर, आम्ही तिघे त्या कातळापाशी उभे राहिलो. आधी आम्ही नातवाला बूट काढायला लावले आणि अनवाणी कातळ उतरवला. शेवाळ कुठे आहे, खडबड कुठे आहे, हे पायांना कळते. मग त्याची सायकल घेऊन आम्ही उतरलो. छातीत धडधडत होते, हे कबूल करतो. ब्रेक सरळ वाटेत, हळूच. वळणावर ब्रेक नाही. ज्या जागी वर्षापूर्वी चाक निसटले होते तिथे ते जरासे कुरकुरले आणि वळले. एवढेच. पाहणाऱ्याला त्यात काही घडलेले दिसले नसते.

मग नातू उतरला. कन्या छत्री मिटून हातात घट्ट धरून उभी होती. तो खाली पोचून मागे वळून हसला, तेव्हा तिने ती छत्री उघडली, पाऊस नसतानाच.

कातळाच्या तळाशी पाणी झिरपते, तिथे शेवाळाची जाड साय आहे. तिथे आम्ही दोघेही सायकलीवरून उतरलो आणि चालत गेलो. टायर कितीही धरणारा असला, तरी सगळ्याच जागी त्याची परीक्षा पाहायची नसते.

दुकानदाराचे शब्द खरे ठरले. दिवाळीपर्यंत पुढच्या टायरचे कडेचे ठोकळे गोलावले, एक-दोन मुळाशी फाटले. २०२५ च्या मृगाआधी आम्ही तो बदलायला काढला, तेव्हा कन्या जवळच उभी होती.

"इतक्यात संपला?" तिने विचारले.

"संपला," आम्ही म्हणालो. या वेळी प्रश्न आणि उत्तर एकच होते.

तो पहिला कठीण टायर मागच्या सोप्यात खिळ्याला अडकवून ठेवला आहे. त्याची नक्षी अजून नव्यासारखी आहे.